निरोपाचं भाषण

पासवर्डशिवाय कुणालाही फाइल वाचता येऊ नये म्हणून नायरीने वेलिंग्टनच्या ऑफिसातल्या टेक्स्ट एडिटरला एन्क्रिप्शन जोडलं. सगळ्यांचं काम तपासणाऱ्या ज्येष्ठ ब्रॉनविनने ते दोनदा परत पाठवलं. एडिटर गुपचूप फाइलच्या जादा प्रती ठेवत होता आणि त्यांत सगळा मजकूर जसाच्या तसा वाचता येत होता.

"पोरी, दाराला कुलूप आणि खिडकी सताड उघडी," ती म्हणाली होती.

तिसऱ्या खेपेला ब्रॉनविनने आपलं निवृत्तीचं भाषणच त्यात लिहून बंद केलं. समारंभाच्या दिवशी पाव्हलोवा केक कापायची वेळ झाली, तरी तिला पासवर्ड आठवेना.

"एखादी प्रत राहिली असेल कुठेतरी," नायरी म्हणाली. दोघींनी अख्खी डिस्क धुंडाळली. एक शब्द हाती लागला नाही. नायरीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ब्रॉनविन रिकाम्या हातानेच माइकपाशी गेली.

"जन्मभर मी दुसऱ्यांच्या कुलपांत खोट काढत आले," ती म्हणाली. "आज मला माझंच भाषण सापडत नाहीये. हिच्या कुलपात बंद आहे ते. नायरी, उभी राहा, लोकांना दिसू दे."