टोपी अडकायची ते हाड

लढाईच्या धामधुमीत, १९४३ साली, फॅक्टरीतले नीलकंठराव गेले. दहाव्याला ग्वारीघाटावर त्यांनी पाटन गावी ठेवलेल्या बाईचा मुलगा मोहनही आला. नुकतंच मुंडण झालेला घरचा थोरला मुलगा श्रीरंग त्याच्यावर खेकसला, "तू काहून आला इथे? बाबांच्या डोक्यामागे सुपारीएवढं हाड होतं, टोपी अडकायची त्यावर. त्यांच्या रक्ताचा असशील, तर दाखव!"

मोहन न्हाव्यापुढे बसला. केस उतरले आणि मागचं हाड उघडं पडलं.

"ये तो बाबूजी वाली ही हड्डी है," म्हातारा न्हावी म्हणाला.

मग सगळ्यांचं लक्ष श्रीरंगच्या तुळतुळीत डोक्याकडे गेलं. मागून ते साफ सपाट होतं.



श्रीरंगच्या आईने घाईघाईने उठून त्याच्या डोक्यावर आपला पदर ओढला.