बिनचिंचेची आमटी

छप्पन्न साली, स्टील नवलाईचं होतं तेव्हा, सयाजी पुण्याहून पातेलं घेऊन आला आणि आळीभर सांगत सुटला, “स्टीलचं हाय!” त्याच्या बायकोनं, सगुणानं, ते हातात घेतलं मात्र, तिला कळून चुकलं. पिसासारखं हलकं, टिचकी मारली तर आवाज बद्द. स्टील म्हणून कुणीतरी साधं जर्मन, म्हणजे ॲल्युमिनियम, गळ्यात मारलं होतं.

पण कारखान्यात पिचून येणाऱ्या माणसाच्या आनंदावर विरजण घालायला तिचं मन होईना. चिंचेच्या आंबटानं जर्मनला बारीक खड्डे पडतात, मग त्यालाही कळलं असतं, म्हणून तिनं आमटीत चिंच घालायचंच सोडलं. “आंबटानं माझं सांधं धरत्यात,” एवढंच सांगितलं. आंबट आमटीवर जीव टाकणारा सयाजी मुकाट जेवायचा. चिंचवडात राहून तीन वर्षं बिनचिंचेची आमटी! तिलाही वीट आला होता.

एका संध्याकाळी त्यानं पिशवीतून नवं पातेलं काढून तिच्या हातात दिलं. वजनानं हात खाली गेला. टिचकी मारली, तर खणखणलं.

पाठमोरा होऊन पाय धुता धुता तो म्हणाला, “आता न्हाई धरायचं तुझं सांधं. घाल चिंच.”