सिस्टरची दहा मिनिटं

एड्सचं नाव काढलं की लोक चार हात लांब राहायचे, तेव्हाची गोष्ट. डॉक्टरांच्या परिषदेत एड्सच्या वॉर्डातल्या सिस्टरला दहा मिनिटं बोलायला बोलावलं होतं. ती आपल्या एका शिंपी पेशंटला हाताला धरून व्यासपीठावर घेऊन गेली. अध्यक्ष कुजबुजले, “सिस्टर, पेशंटना परवानगी नाही.” “दहा मिनिटं माझीच ना, सर? ती मी यांना दिली.” माइकसमोर शिंप्याच्या घशाला कोरड पडली. सिस्टरने आपला ग्लास पुढे केला. तो अर्धं पाणी प्यायला. उरलेलं तिने त्याच ग्लासातून सावकाश संपवलं. सगळ्यांच्या नजरा ग्लासावर खिळल्या. शिंप्याला कंठ फुटला. “ग्लासाकडे काय बघताय, डॉक्टरसाहेब? आजवर आमच्याबद्दल बोललात, आता आमच्याशी बोला. आमच्या मागण्या लिहून घ्या.” पुढच्या रांगेत एकेक करत पेनं निघाली. शिंपी हसला. “आणि हो, वाचता येईल अशा अक्षरात!”