रॉस्कोची मोजणी

"साधी मोजणी पोरासोरांसाठी असते," रॉस्को म्हणाला आणि न्याहारीच्या टेबलावर त्याने पत्त्यांचा दुसरा कॅट फोडला. "मी माझीच खेळणार."

अर्डिसने त्याच्या कपात कॉफी ओतली. "साधीत काय वाईट आहे? बारकी पानं गेली की एक मिळवायचा, चित्रं आणि एक्के गेले की एक वजा. तूच तर जॉडीला शिकवली होतीस."

"जॉडी तेव्हा शाळेत होती."

त्याची स्वतःची मोजणी जड होती. तिच्यात दर पत्त्याला वेगळं वजन, पंजीला सगळ्यांत जास्त, आणि एक्क्यांचा हिशेब डोक्याच्या दुसऱ्या कप्प्यात. वर ती बेरीज उरलेल्या पत्त्यांच्या मानाने भागायची, तीही शेजारच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारत. रीनोसारख्या जुगाराच्या शहरातही ती पेलणारे थोडेच होते आणि रॉस्कोला त्याचा भारी तोरा होता.

पण गेल्या हिवाळ्यात तो दुकानातून घरी येताना रस्ता चुकला. मुलीने, जॉडीने, स्मरणशक्तीच्या डॉक्टरची वेळ घेतली आणि बापाकडे गाडीच्या किल्ल्या मागितल्या. रॉस्को भडकला. शेवटी नवराबायकोत पैज ठरली. एका दुपारी कॉपर लँटर्न कॅसिनोत जाऊन खेळायचं. तिथल्या लोकांनी त्याला ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या खेळाच्या टेबलावरून उठवलं, तर कुणी डॉक्टरचं नाव काढायचं नाही. नाही उठवलं, तर किल्ल्या जॉडीच्या हातात.

रीनोत माणसाची पारख अशीच होते. पत्ते मोजणं हा गुन्हा नाही, पण ज्याला ते नीट जमतं त्याला कॅसिनोवाले बसू देत नाहीत. चुकत चुकत मोजणाऱ्याला मात्र आग्रह करकरून बसवतात. तरुणपणी रॉस्कोला शहरातल्या बहुतेक ठिकाणांहून हाकललं होतं, आणि त्या कॅसिनोंची नावं तो पदकं दाखवावीत तशी सांगायचा. कॉपर लँटर्न नवा होता. तिथे त्याला कुणी ओळखत नव्हतं.

"साधी घे रे," अर्डिस पुन्हा म्हणाली. "माझ्यासाठी."

"तुला पत्त्यांतलं ओ की ठो कळत नाही आणि मला शिकवतेस."

"खरंय बाबा. इतकी वर्षं तुझ्याशेजारी बसून मला फक्त सोडा कुठे चांगला मिळतो ते कळलं."

तो हसला आणि कोट घालायला उठला. मोजणी जडच ठरली.

त्यांचं नाटक जुनंच होतं. रॉस्को खेळायचा, अर्डिस शेजारच्या खुर्चीत बसून बडबडायची. मोजणी चढली, म्हणजे मोठी पानं उरली आणि जास्त लावायची वेळ आली, की तो कानाची पाळी चोळायचा. मग ती, "आज माझा वाढदिवस आहे, जास्त लाव ना," असं काहीतरी म्हणत त्याच्या चिप्स, म्हणजे पैशांच्या चकत्या, पुढे सरकवायची. वरून कॅमेऱ्यात बघणाऱ्याला वाटावं, बायकोचा हट्ट.

त्या दुपारी मात्र अर्डिसचं काही खरं नव्हतं. त्याने कान चोळला, तर ती वेट्रेसकडे लिंबाची फोड मागत राहिली. त्याने पुन्हा चोळला.

"अगं," तो पुटपुटला.

"आलंच हं लिंबू," ती म्हणाली.

डाव किरकोळ रकमेवरच झाला आणि ते हरले. थोड्या वेळाने उलटंच घडलं. रॉस्को किती एक्के गेले ते आठवत होता, हात मांडीवर होता, आणि हिने "मला हिरवा रंग आवडतो," म्हणत हिरव्या चिप्सचा ढीग लोटून दिला. नशिबाने तो डाव जिंकला. मग असंच चालत राहिलं. इशारा केला की हिचं लक्ष नाही, आणि नसला की हिचा हात पुढे.

हिचंच वय झालंय आता, त्याच्या मनात आलं. रागावण्याऐवजी त्याला तिच्याबद्दल माया वाटली. डॉक्टरकडे आधी हिला न्यायला हवं. त्याने टेबलाखाली तिचा हात दाबला. तिने तो बराच वेळ सोडला नाही.

त्यांच्यासमोरच्या चिप्स वाढत गेल्या. तेवढ्यात डीलरने पत्ते वाटायचं थांबवलं आणि मागून एक मॅनेजर येताना दिसला.

"आला," रॉस्को कुजबुजला.

अर्डिसचे डोळे भरून आले. "जिंकलास की रे पैज," ती म्हणाली.

रॉस्को उठून उभा राहिला. त्याने कोटाची बटणं लावली. असा ताठ तो कित्येक महिन्यांत उभा राहिला नव्हता.

मॅनेजर त्याला वळसा घालून पुढे गेला आणि अर्डिसपाशी वाकला.

"माफ करा, बाई. आम्ही मघापासून वरून बघतोय. तुम्ही एकदाही चुकीच्या वेळी चिप्स सरकवल्या नाहीत. तुमचा खेळ आम्हाला झेपणारा नाही. यापुढे ब्लॅकजॅकच्या टेबलाशी तुम्हाला बसता येणार नाही."

अर्डिसने मान वर केली नाही.

मग मॅनेजर रॉस्कोकडे वळला आणि त्याने अदबीने त्याची खुर्ची मागे ओढून धरली.

"तुम्ही कशाला उठलात, साहेब? बसा ना. हवं तितका वेळ खेळा. जेवण आमच्याकडून."