येते हं

वणव्याच्या सरावात वेणूताईंचं चुकायचं ते फक्त दारात. धुराचा मास्क, आगरोधक कोट, पाण्याचा कॅन, औषधांची पिशवी, सगळं कसं हाताशी, पण निघताना त्या सवयीने म्हणत, "येते हं." मग बोललेलं ऐकून चालणारं ते घर आगीचं शटर न पाडता त्यांची वाट बघत उघडंच राही.

"आई, 'जाते' म्हण ना!" घराला बोलायला शिकवणारा मुलगा फोनवर वैतागे.

"भलतंसलतं काय बोलायला लावतोस?"

वैशाखात डोंगर खरंच पेटला. धूर अंगणात आला तेव्हा वेणूताई नाइलाजाने पुटपुटल्या, "जाते." शटर धाडकन पडलं. घर वाचलं.

आठवड्याने त्या परतल्या. शटर काही उघडेना.

"अरे, मी वेणूताई!"

घर अदबीने म्हणालं, "वेणूताई गेल्या."