खिडकीपाशची खुर्ची

ग्रीसमधल्या थेसालीतल्या आमच्या गावात मुख्य रस्त्यावरचा जुना गुत्ता नगरपालिकेने दुरुस्त करून संग्रहालय म्हणून खुला केला, त्या दिवशी पोलिक्सेनी म्हातारपणी पहिल्यांदा आत गेली. पूर्वी तिथे बायका जात नसत. नवरा स्तेर्गिओस हयात असताना त्याला जेवायला न्यायला ती रोज यायची आणि हाक मारायला लाजून समोरच्या पदपथावर उभी राहायची. आपल्याकडे त्याची नजर गेली की तो उठेल, असं तिला वाटायचं. हात गारठले की एकटीच परतायची.

स्तेर्गिओसचा मित्र झिसिस आतच होता. तिने विचारलं, "भावजी, हे कुठे बसायचे?"

"खिडकीपाशी, वहिनी. त्या खुर्चीवर."

तिने बाहेर पाहिलं. समोरचा पदपथ लख्ख दिसत होता.

"मग मी कशी दिसले नाही यांना?"

"खिडकीकडे पाठ करून बसायचा तो." झिसिस घुटमळला. "मधूनमधून मला विचारायचा, गेली का म्हणून. तुम्ही वळलात की मी सांगायचो. मग तो त्सिपुरोचा आणखी एक पेला मागवायचा."



"म्हणजे तुम्ही तरी माझ्याकडे बघत होता," ती म्हणाली.