पाण्याच्या नकाशाची दरखास्त

नकाशा कपाटातच होता. भूजल कार्यालयाच्या व्यंकटराव साहेबांनी दार उघडून गुंडाळी दाखवलीसुद्धा, पण हातात दिली नाही.

"उपग्रहाच्या फोटोवरून केलाय," ते म्हणाले. "तुमच्या शिवारात खडक कुठं फाटलाय, पाणी कुठं मुरलंय, सगळं दिसतं. पण वरून हुकूम आहे. कुणालाही द्यायचा नाही."

केरबा सोनकांबळे अहमदपूरहून पहिल्या एसटीनं लातूरला आला होता. लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती. आता उस्मानाबादला खेटे नकोत, साहेब हाताशी आला, असं गाव म्हणत होतं. तेवढ्यात दुष्काळ आला. गावानं तीन बोअर मारल्या, तिन्हींतून नुसती धूळ उडाली. पंधरा दिवसांखाली केरबाची बायको चांगुणा आडात उतरून वाटीनं घागर भरताना घसरली. कंबर मोडली. तिच्यासाठी लेक पंचशीला दिल्लीहून रजा टाकून आली. तिथं ती सरकारी नोकरीला होती. नेमकं काम काय, ते केरबाला सांगता येत नसे. आज ती बापाशेजारी बसली होती. साहेबांनी तिला नाव विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही.

हुकूम कशापायी, केरबानं विचारलं. साहेबांनी टेबलावरचा कागद पुढं ओढून समजावून सांगितलं. हे तंत्र नवं आहे, धरण, पूल, पाणी काहीच त्याच्यापासून लपत नाही, असे फोटो शत्रूच्या हाती पडले तर देशाला धोका, असा अहवाल दिल्लीत कुणीतरी लिहिला होता. सरकारनं तो जसाच्या तसा उचलला.

"म्हंजे आमच्या आडावर पाकिस्तान येणार हाय?" केरबा म्हणाला.

पंचशीलानं पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"ते सरहद्दीवरच्या जिल्ह्यांपुरतं असेल ना?"

"तसं कुठं म्हटलंय, बाई? लिहिणाऱ्यानं एक ओळ वाढवली असती, तर आत्ता नकाशा काढून दिला असता मी."

परतताना एसटीत केरबाचा राग मावत नव्हता. बोअरची गाडी सोमवारी शेवटची यायची होती. जागा आता पानाड्या दाखवणार, हातावर नारळ ठेवून. आकाशातून पाणी दिसतंय आणि गाव नारळाच्या भरवशावर, हे तो शेजारच्या प्रवाशालाही सांगत सुटला. पंचशीला खिडकीबाहेर बघत राहिली.

घरी आल्या आल्या त्यानं सरपंच शेषेरावाला बोलावलं आणि लेकीला कागद घ्यायला लावला. दरखास्त थेट दिल्लीला जायची होती. तो सांगत गेला, ती लिहीत गेली. अहवाल लिहिणाऱ्याला तहान म्हणजे काय ते ठाऊक नाही. त्याला नोकरीवरून काढा. त्याआधी इथं आणून आमच्या आडात उतरवा आणि एक घागर भरून वर यायला सांगा.

खाटेवरून चांगुणा म्हणाली, एवढं नको, त्याच्याबी मागं लेकरंबाळं असतील. शेषेरावालाही ते जास्त वाटलं. नोकरीचं तेवढं खोडा, तो म्हणाला.

"राहू द्या, काका," पंचशीला म्हणाली. "बरोबर आहे ते."

केरबाला बरं वाटलं. शिकलेली पोर, पण बापाचा एक शब्द तिनं मऊ केला नव्हता. उलट त्याला सुचलं नाही ते तिनं घातलं: अहवालाचा क्रमांक, कोणत्या परिच्छेदात चूक आहे, आणि तिथं कोणती ओळ हवी होती. साहेबाच्या टेबलावरचा कागद तिनं नीट वाचला असणार, असं त्यानं शेषेरावाला कौतुकानं सांगितलं.

शेवटी तो अडला.

"गुन्हेगाराचं नाव पायजे. ते तर साहेबालाबी म्हाईत न्हाई. जागा कोरी सोड, माय."

"कोरी सोडली तर कुणालाच काही होणार नाही, बा."

तिनं पेन पुन्हा टेकवलं आणि सावकाश, सुवाच्य अक्षरात त्या जागी लिहिलं: पंचशीला केरबा सोनकांबळे.